दुसऱ्या दिवसाची मराठी : नाताळातले परदेशी सामने आणि आपले धावते वर्णन

२७ डिसेंबर २०२४ ची पहाट. साडेसहाचा सुमार. मेलबर्नच्या कसोटीचा दुसरा दिवस सुरू होऊन दीड तास झाला होता. स्टीव्ह स्मिथ खेळत होता आणि मी मोबाइलवर सामना पाहत बसलो होतो. तेवढ्यात कॅनडातल्या भाच्याचा फोन आला. त्याच्याकडे अजून २६ तारखेची रात्र होती. वीस वर्षांखालील मुलांची जागतिक आइस हॉकी स्पर्धा त्याच दिवशी ओटावात सुरू झाली होती आणि त्याच्या घरात कॅनडा-फिनलंड सामना लागला होता. कॅनडाने पुढे तो ४-० असा जिंकला. भाच्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने फोन घेतला आणि विचारले, ‘‘आजोबा, पकला मराठीत काय म्हणतात?’’

पक म्हणजे आइस हॉकीत चेंडूच्या जागी असलेली काळी, जाड रबरी चकती. मी ‘चकती’ असेच उत्तर दिले. ती म्हणाली, ‘‘माझ्या पंजाबी मैत्रिणीकडे टीव्हीवर त्याला टिक्की म्हणतात. चकती कोण म्हणतं?’’

या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शब्द होता, पण तो म्हणणारे कोणी नव्हते. त्या दिवसापासून ही गोष्ट डोक्यात राहिली आणि क्रिकेटच्या मराठीकडे मी पुन्हा नव्याने पाहू लागलो. मराठीने क्रिकेट आपलेसे केले, इतके सुंदर शब्द दिले, असे आपण अभिमानाने सांगत आलो आहोत. या विधानाची तपासणी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : आपली क्रिकेटची मराठी मुख्यतः छापील आहे. ती दुसऱ्या दिवसाची, निकाल लागून गेल्यानंतरची भाषा आहे. चेंडू हवेत असतानाची मराठी आपल्याकडे होती आणि आजही आहे. पण ती जिथे आहे तिथे आपल्या समीक्षकांनी कधी कान दिला नाही.

सुट्टी कुणाची, पहाट कुणाची

नाताळ ते नववर्ष हा आठवडा पाश्चात्त्य देशांत सामने पाहण्याचा आठवडा आहे. स्वित्झर्लंडमधल्या दावोस गावी १९२३ पासून स्पेंग्लर चषकाची आइस हॉकी स्पर्धा याच दिवसांत भरते. डॉ. कार्ल स्पेंग्लर यांनी ती सुरू केली, ती पहिल्या महायुद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांतले तरुण निदान बर्फावर तरी एकत्र यावेत म्हणून. पहिला चषक ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघाने नेला. वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा १९७७ पासून अधिकृतपणे खेळली जाते. तीही साधारण २६ डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. कॅनडात घराघरांत ती पाहिली जाते. मेलबर्नची ‘बॉक्सिंग डे’ कसोटीही याच पंगतीतली. १९८० पासून जवळजवळ दरवर्षी ती नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. या नावाचा मुष्टियुद्धाशी संबंध नाही. नोकरचाकरांना आणि गरिबांना भेटीच्या पेट्या देण्याच्या जुन्या इंग्रजी प्रथेशी ते जोडले जाते. लहानपणी मी मात्र बरीच वर्षे ठोसेबाजीच समजत होतो.

या तिन्ही स्पर्धांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : प्रेक्षकाला सुट्टी आहे, घरात ऊब आहे आणि हातात वेळ आहे.

बीड जिल्ह्यात ही तिन्ही गृहीते लागू पडत नाहीत. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला नाताळची सुट्टी एक दिवसाची असे. मोठी सुट्टी दिवाळीची; आणि ती संपेपर्यंत निम्मे गाव निघून गेलेले असे. दसरा-दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या ट्रॅक्टरने, बैलगाड्यांनी साखरपट्ट्यात जातात. कुणी नगरकडे, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. डिसेंबर हा भर हंगामाचा महिना. भारतीय वेळेप्रमाणे पहाटे पाचला मेलबर्नला पहिला चेंडू पडतो, तेव्हा कोयता फडाच्या वाटेवर असतो किंवा फडात पोचलेला असतो.

म्हणून ‘पहाटे उठून दुलईत बसून ऐकलेली ऑस्ट्रेलियातली कॉमेंट्री’ ही मराठी ललित लेखनातली लाडकी आठवण मला खरी वाटते, पण अपुरी वाटते. ती मुंबई-पुण्यातल्या आणि तालुक्याच्या नोकरदार घरांतली आठवण आहे. आमच्याकडे सामना ऐकायला कोणी उठत नसे. लोक उठलेलेच असत. रेडिओ सोबत येई, इतकेच.

१९८५ : फडावरचे वर्णन

शाळेची दोन वर्षे मी आईवडिलांबरोबर फडावर काढली. त्यांतला एक हंगाम १९८५ चा. त्या वर्षी २६ ते ३० डिसेंबरला मेलबर्नची कसोटी झाली. आमच्या टोळीत एका काकांकडे ट्रान्झिस्टर होता. कोपीच्या मेढीला तो अडकवलेला असे आणि काम जवळ असले की काका तो फडाच्या कडेला आणून ठेवत. त्यावर येणारे वर्णन बहुतेक इंग्रजीत, कधी हिंदीत. काकांना इंग्रजी येत नव्हते. आकडे कळत, नावे कळत, आणि लोकांच्या ओरडण्यावरून काय झाले ते कळे. मोळी बांधता बांधता ते आम्हाला सांगत.

त्या सामन्यात ॲलन बॉर्डरने दुसऱ्या डावात १६३ धावा केल्या आणि शेवटच्या गड्याला हाताशी धरून भारताला ताटकळत ठेवले. काकांचे त्या दिवसाचे वर्णन मला अजून आठवते : ‘‘गडी बांधावरच्या बाभळीवानी उभा हाय. कोयता लागंना त्याला.’’ शेवटी भारतापुढे १२६ धावांचे लक्ष्य उरले. २ बाद ५९ झाल्या आणि पाऊस आला. सामना अनिर्णित सुटला. पावसाला नाव ठेवायची सवय आमच्या तालुक्यात कुणाला नाही. काका जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘हितं यायचं सोडून तिथं कशाला गेला?’’

त्या हंगामानंतर गावी परतल्यावर वाचनालयात जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात मी त्या कसोटीची बातमी शोधून वाचली. बॉर्डर तिथे होता, १६३ होते, पाऊस होता. सगळे बरोबर होते. पण बाभूळ नव्हती. त्या वयात मला एवढेच वाटले की छापलेले ते खरे आणि काकांचे ते गावंढळ. हा समज जायला मला पुष्कळ वर्षे लागली.

चीत, बाद आणि षटक

आता शब्दांकडे वळू. क्रिकेटची छापील मराठी कमी प्रतीची आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. ती घडवणाऱ्यांची नजर फार चांगली होती.

‘पायचीत’, ‘धावचीत’, ‘यष्टिचीत’, ‘त्रिफळाचीत’ हे चार शब्द घ्या. चारही ठिकाणी ‘चीत’ आहे आणि तो तालमीतून आलेला आहे. पाठ मातीला लागली की मल्ल चीत होतो. बाद होण्याच्या निरनिराळ्या इंग्रजी प्रकारांना एकाच मराठी क्रियेखाली आणण्याचे हे काम आहे. ‘डाव’ही कुस्तीला आणि आट्यापाट्यांना सारखाच जवळचा. ‘बाद’ जमाखर्चातून आला : रक्कम वजा झाली, हिशेब मिटला. ‘पंच’ चावडीवरून आले. ‘गोलंदाज’ तर तोफखान्यातला जुना मानकरी, आणि ‘फलंदाज’ त्याच्या वजनावर बेतलेला त्याचा जोडीदार. ज्यांनी हे शब्द निवडले त्यांनी कोशाबरोबर गावही पाहिले होते.

‘षटक’ या शब्दाची मात्र एक गंमत आहे. षटक म्हणजे सहांचा समूह. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत एका ओव्हरमध्ये आठ चेंडू टाकले जात. म्हणजे बिशनसिंग बेदींचा संघ १९७७-७८ मध्ये तिथे खेळला तेव्हा तिथले ‘षटक’ आठ चेंडूंचे होते. याच दौऱ्यात भारताने ऑस्ट्रेलियातली पहिली कसोटी जिंकली : मेलबर्न, ३० डिसेंबर १९७७ ते ४ जानेवारी १९७८, २२२ धावांनी. चंद्रशेखरने दोन्ही डावांत ५२ धावांत ६ बळी घेतले, सुनील गावसकरने दुसऱ्या डावात ११८ धावा केल्या. शब्दाच्या हिशेबाने चंद्राने तिथे षटके टाकलीच नाहीत, अष्टके टाकली. इंग्रजीतला ‘ओव्हर’ चेंडू किती हे सांगत नाही. म्हणून नियम बदलला तरी तो शब्द टिकतो. मराठी शब्द नेमका करण्याच्या नादात आपण तो एका नियमाला बांधून टाकला. ही चूक लहान आहे, पण ती कागदावर शब्द घडवणाऱ्याची चूक आहे. सामना कानाने ऐकत बोलणारा माणूस बहुधा ‘फेरी’ किंवा ‘पाळी’ म्हणाला असता.

त्याहून मोठी उणीव वेगळी आहे. वरच्या यादीकडे पुन्हा पाहावे : चीत, बाद, नाबाद, झेलबाद, शतक, चौकार, षटकार. हे जवळजवळ सगळे शब्द निकालाचे आहेत. काय झाले ते सांगतात. काय होत आहे ते सांगत नाहीत. चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपाशी येईपर्यंतचा जो अर्धा क्षण, तोच खरा खेळ. तिथे छापील मराठी बोटावर मोजण्याइतके शब्द देते. ‘टप्पा’, ‘उसळी’, ‘फिरकी’, ‘आखूड’ हे त्यांतले उत्तम. आणि हेच शब्द गल्लीतल्या पोरांच्या तोंडी जसेच्या तसे आहेत, हा योगायोग नाही. पोरे ‘यष्टिरक्षक’ म्हणत नाहीत, ‘कीपर’ म्हणतात; ‘पायचीत’ म्हणत नाहीत, ‘एल्बी’ म्हणतात; ‘त्रिफळाचीत’ म्हणत नाहीत, ‘दांडी उडाली’ म्हणतात. पण ‘टप्पा’ ते टप्पाच म्हणतात. चेंडूच्या चालीचे शब्द जिभेवर राहिले, निकालाचे शब्द कागदावर राहिले.

याचा परिणाम काय होतो, ते २०१८ च्या मेलबर्न कसोटीवरून दिसते. चेतेश्वर पुजाराने त्या सामन्यात ३१९ चेंडू खेळून १०६ धावा केल्या. भारताने १३७ धावांनी विजय मिळवला. या डावाची थोरवी १०६ मध्ये कमी आणि ३१९ मध्ये जास्त आहे. किती चेंडू त्याने सोडून दिले, किती अंगावर घेतले, कोणत्या चेंडूला बॅट मुद्दाम मागे ठेवली, यातच तो डाव आहे. हे सांगायला चालू वर्तमानकाळ लागतो : येतोय, वळतोय, सोडला. छापील मराठीत ‘पुजाराची संयमी शतकी खेळी’ एवढे लिहून बातमी पुढे जाते. दोन वर्षांनी ॲडलेडला भारत ३६ धावांत गारद झाला, तेव्हा ‘नांगी टाकली’. दहा दिवसांनी मेलबर्नला जिंकला, तेव्हा ‘धूळ चारली’. हे वाक्प्रचार निकालाचे आहेत आणि निकाल उलटला की तेही उलटतात. अजिंक्य रहाणेने २७ डिसेंबर २०२० ला सकाळभर, दुपारभर जे केले ते या दोन टोकांच्या मधले होते. त्याच्या ११२ धावांत घाईचा फटका शोधावा लागतो. संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या, डोंबिवलीत वाढलेल्या या माणसाला त्या सामन्यात पहिले जॉनी मुलाघ पदक मिळाले. मुलाघ हा १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी संघाचा आघाडीचा खेळाडू. ज्या संगमनेरच्या शेजारच्या फडांत आमच्या टोळ्या उतरतात, तिथला माणूस त्या पदकाचा पहिला धनी होतो. एवढी मोठी गोष्ट ‘सामनावीर’ या एका शब्दात मावत नाही.

असे का झाले

याचे कारण शब्द घडवणाऱ्यांत शोधू नये. मराठी धावत्या वर्णनाची सुरुवात चांगली झाली होती. पुण्याचे बाळ ज. पंडित हे या कलेचे आद्य आचार्य. स्वतः क्रिकेट खेळलेला हा माणूस रेडिओवर मराठीत सामना उभा करीत असे. ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये वि. वि. करमरकरांनी खेळाला स्वतःचे पान मिळवून दिले आणि त्या पानावर क्रिकेटबरोबर कबड्डी-खोखोलाही जागा दिली. दोघांचेही ऋण मोठे आहे.

पण मराठीतले धावते वर्णन मुख्यतः घरच्या मैदानापुरते राहिले. संघ परदेशी गेला की वर्णन हिंदी आणि इंग्रजीच्या हाती जाई. सुशील दोशी, रवी चतुर्वेदी, जसदेव सिंग यांच्यासारख्या समालोचकांमुळे हिंदीला तिचा स्वतःचा आवाज मिळाला. मराठी त्या वेळी काय करी? दुसऱ्या दिवसाची वाट पाही. आमच्या गावात तर एसटीने येणारा अंक दुपारनंतर मिळे. कानाला हिंदी-इंग्रजी आणि डोळ्याला मराठी, अशी ही विभागणी. तिच्यामुळे मराठी लेखकाला सामना घडताना सांगण्याची गरजच उरली नाही. वाचकाला निकाल आधीच ठाऊक असे. मग लेखनात उरे ती टिप्पणी, आठवण, कोटी आणि मथळा. मराठी क्रीडालेखनाचा खुसखुशीतपणा आणि त्याची मर्यादा, दोन्ही इथून आलेली आहेत असे माझे मत आहे.

डिसेंबर २००२ मधली गोष्ट याच जातीची. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर न्यूझीलंडमध्ये भारताच्या डावाची सुरुवात करायला उतरला. हॅमिल्टनच्या कसोटीत भारत पहिल्या डावात ९९ आणि न्यूझीलंड ९४ धावांत बाद झाले. दोन्ही संघ पहिल्या डावात शंभराच्या आत आटोपण्याची कसोटीतली ही पहिलीच वेळ. आपल्या जिल्ह्याचा माणूस हिरव्यागार खेळपट्टीवर नवा चेंडू खेळत होता, आणि त्या पहाटे तो चेंडू मराठीत सांगणारे आम्हाला कोणी भेटले नाही. अंकात आले ते आकडे. त्या आकड्यांत तो अपयशी होता. त्याच्यासमोर चेंडू काय करत होता, हे ज्याने ऐकले नाही त्याला ते अपयश समजण्याची सोय नव्हती.

टिक्की आणि चपेड

आता त्या पंजाबी टिक्कीकडे येऊ. कॅनडात २००८ मध्ये ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ या जुन्या कार्यक्रमाचे पंजाबी प्रक्षेपण सुरू झाले. आल्बर्टा प्रांतातल्या ब्रुक्स या लहान गावात वाढलेला हरनारायण सिंग हा त्याचा प्रमुख आवाज. सुरुवातीच्या काळात तो दर आठवड्याला कॅलगरीहून टोरांटोला विमानाने जाऊन सामना सांगत असे. आइस हॉकीत वीस वीस मिनिटांचे तीन भाग असतात, प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू बर्फावर असतात, आणि चकती डोळ्याला दिसण्याआधी जागा बदलते. असा खेळ सांगताना कोश उघडायला वेळ नसतो. जिभेवर असेल तोच शब्द बाहेर पडतो. म्हणून चकतीची टिक्की झाली, आलू टिक्कीतली. जोरकस ‘स्लॅप शॉट’ला चपराकीची ‘चपेड’ मिळाली. एक शब्द स्वयंपाकघरातला, दुसरा घरातल्या भांडणातला. ३० मे २०१६ रोजी स्टॅनले चषकाच्या अंतिम फेरीतल्या पहिल्या सामन्यात पिट्सबर्गच्या निक बोनिनोने निर्णायक गोल केला. तेव्हा हरनारायण सिंगने त्याचे नाव एका दमात पुन्हा पुन्हा पुकारले, आणि पंजाबी न कळणाऱ्या लोकांनीही ते डोक्यावर घेतले. चषक जिंकल्यावर पिट्सबर्गने या पंजाबी चमूला आपल्या विजयसोहळ्याला बोलावले.

यावर एक आक्षेप येईल : कॅनडात पंजाबी प्रेक्षक मोठ्या संख्येने आहेत, जाहिराती आहेत, म्हणून हे शक्य झाले. आक्षेप खरा आहे. पण संख्येमुळे प्रक्षेपण मिळते, शब्द मिळत नाहीत. शब्द मिळाले ते बोलणाऱ्याला थांबायची सोय नव्हती म्हणून. नाही तर ‘टिक्की’पेक्षा नेमका, संस्कृत धाटणीचा एखादा शब्द त्यांनाही काढता आला असता. तो कुणी म्हटला नसता, एवढेच.

लाउडस्पीकरवरची मराठी

मराठीत असे कुठे घडते का? घडते. आणि तेही हिवाळ्यातच.

डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यातल्या गावोगावी टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा भरतात. माळावर चुना मारून सीमारेषा आखतात, एका बाजूला मांडव, मांडवात टेबल, टेबलावर माइक. माइकवर गावातलाच एखादा पोरगा दिवसभर बोलत असतो. तो जे करतो ते अस्सल धावते वर्णन आहे. त्याच्या तोंडून मी वर्षानुवर्षे ऐकलेले काही शब्द असे : बॅटच्या कडेला चाटून गेलेला चेंडू ‘पुसून गेला’; उंच उडालेला झेल ‘आभाळाला विचारून आला’; सावध खेळणारा फलंदाज ‘दारं धरतोय’, म्हणजे रात्रभर पिकाला पाणी देणाऱ्यासारखा चिकाटीने उभा आहे; आणि सलग तीन षटकार खाल्लेला गोलंदाज ‘उचल फेडतोय’. हा शेवटचा शब्दप्रयोग ज्याला कळला त्याला बीड जिल्हा कळला. माझ्या काकांची बाभूळ इथे मला पुन्हा भेटली.

कुस्तीच्या फडातही हीच परंपरा आहे. शंकर पुजारींसारख्या निवेदकांनी कुस्तीचे निवेदन ही एक स्वतंत्र कला करून दाखवली. पट काढला, ढाक लावली, कलाजंग मारला, हे हजारो लोकांना त्या त्या क्षणी सांगायचे, त्यातच मल्लाचे गाव आणि वस्ताद सांगायचे. कबड्डीची ‘चढाई’, ‘पकड’, ‘लोण’ ही मराठी तर मैदानावरच जन्मली. २०१४ मध्ये व्यावसायिक कबड्डी दूरचित्रवाणीवर आली. त्या वर्णनात हे शब्द मागे पडून ‘रेड’ आणि ‘टॅकल’ पुढे आले. म्हणजे क्रिकेटमध्ये आपण परक्या खेळाला मराठी शब्द दिले आणि कबड्डीत आपल्या खेळाचे मराठी शब्द घालवत आहोत. दोन्हीकडे धावते वर्णन दुसऱ्याच्या हाती असणे हेच कारण आहे.

लाउडस्पीकरच्या मराठीचे दोषही सांगितले पाहिजेत. ती देणगीदारांच्या नावांनी लदलेली असते. प्रत्येक चौकाराला कुणा साहेबांचे पाचशे रुपये आणि प्रत्येक पाचशे रुपयांना दोन मिनिटांची स्तुती. त्यात चार चेंडू वाहून जातात. विनोद अनेकदा खालच्या पातळीवर जातो; पडलेल्या, हरलेल्या पोराची जात-गाव काढण्यापर्यंत मजल जाते. मांडवाजवळ बायका दिसत नाहीत, याचे एक कारण माइकवरची भाषा हेही आहे. ही भाषा जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही. पंजाबी समालोचकांनीही घरातले भांडण उचलले, शिव्या उचलल्या नाहीत. निवड करावी लागते. पण निवड करायला आधी ऐकावे लागते.

साबळेची शर्यत

या सगळ्याची आज गरज का, हे शेवटी एका उदाहरणाने सांगतो. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे याने १ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्णपदक जिंकले. वेळ ८ मिनिटे १९.५० सेकंद. या प्रकारात भारतीय पुरुषाचे हे पहिले आशियाई सुवर्ण. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत तो धावला. जिल्ह्यात पेढे वाटले, फलक लागले. पण शर्यत कशी असते, हे माझ्या गावात निम्म्या लोकांना सांगता येत नव्हते. २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. अडथळा जवळजवळ ९१ सेंटिमीटर उंच आणि पक्का, पायाने ढकलून पडणारा नव्हे. अंकांत त्याला ‘स्टीपलचेस’ किंवा ‘अडथळ्यांची शर्यत’ म्हटले होते. दुसरा शब्द आपण हर्डल्सलाही वापरतो, म्हणजे तोही काही सांगत नाही. मी एका म्हाताऱ्या शेजाऱ्याला मोबाइलवर ती शर्यत दाखवली. तो म्हणाला, ‘‘हे तर बांध-पाट पळणं हाय.’’ बांध ओलांडायचा, पाट ओलांडायचा आणि पळत राहायचे. आमच्या प्रत्येक पोराने हे शेतात केलेले आहे. म्हाताऱ्याने शर्यत पाहता पाहता तिला नाव दिले, कारण त्याला दुसऱ्या दिवसाच्या अंकाची वाट पाहायची नव्हती.

२०२३ पासून मोबाइलवर आयपीएलचे वर्णन मराठीतही मिळू लागले आहे. ही चांगली गोष्ट आहे, पण तो उन्हाळ्यातला बाजार आहे आणि त्यातली मराठी अजून बरीचशी हिंदी समालोचनाच्या चालीवर चालते. हिवाळ्यातला पाच दिवसांचा कसोटी सामना, ॲथलेटिक्स, कबड्डी यांच्यासाठी मराठी आवाज अजून घडायचा आहे. तो घडवायचा तर साधी कामे आहेत. येत्या हिवाळ्यात गावोगावच्या स्पर्धांचे निवेदन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. त्यातले शब्द, ते कोणत्या कामातून आले त्या माहितीसह, वहीत उतरवावेत. बीडच्या आकाशवाणी केंद्राने वर्षातून एखादा गावचा अंतिम सामना थेट प्रसारित करावा आणि माइकवर गावचाच पोरगा बसवावा, देणगीदारांची यादी मात्र बाहेर ठेवावी. मी माझ्यापुरती वही सुरू केली आहे. तिच्या पहिल्या पानावर ‘बाभूळ’ आहे, दुसऱ्यावर ‘दारं धरणे’, तिसऱ्यावर ‘बांध-पाट’.

भाच्याच्या मुलीला मी नंतर फोन केला आणि तिलाच विचारले, तुमच्या घरात काळे, गोल, चपटे असे काय आहे? ती बराच वेळ विचार करून म्हणाली, ‘‘आईचा तवा.’’ पकसाठी तवा हा शब्द चालेल की नाही, मला ठाऊक नाही. पुढच्या २६ डिसेंबरला सामना पाहताना तिने तो म्हणून पाहायचे ठरवले आहे.